समोरच्या दारातले अध्यक्ष

गेल्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नाला कुवेतला गेले, तेव्हा एक दुपार मी स्वतःसाठी मागून घेतली आणि टॅक्सी करून अबू हलीफाला गेले. आमची इमारत होती तिथे आता काचेचा उंच मनोरा उभा आहे. खाली कॉफीचं दुकान, आत गारेगार हवा, बाहेर एकही ओळखीची पायरी नाही. मी रस्ता ओलांडून समुद्राकडे गेले. तो मात्र होता तसाच होता. उथळ, फिकट हिरवा, किनाऱ्याला हळूच हात लावून मागे सरणारा. तेवढ्यात दक्षिणेकडून, मीना अल-अहमदीच्या बाजूनं वारा सुटला आणि त्याच्यातून तो वास आला. कच्च्या तेलाचा, जरासा गोड, जरासा करपट. परक्या माणसानं नाकाला रुमाल लावावा असा वास. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण माझ्या लहानपणाला हाच वास आहे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. बाबा रिफायनरीत टेक्निशियन होते, आई सरकारी इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. दोघं मिरजेकडचे. दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. खाली हुसेनभाईंचा बकाला, म्हणजे किराणा मालाचं दुकान. हुसेनभाई रत्नागिरीचे. त्यांच्या दुकानात वेलदोड्याचा, सुक्या लिंबांचा आणि गरम खुबूसचा, म्हणजे अरबी रोट्यांचा, वास एकात एक मिसळलेला असायचा. इमारतीतला एकुलता एक चालू टेलिफोनही त्यांच्याकडेच होता. वाळूचं वादळ आलं की आई खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबायची. तरी ती पिठासारखी वाळू आत यायचीच. उशांवर, भातावर, माझ्या वह्यांवर. आणि संध्याकाळी दक्षिणेचं आभाळ केशरी दिसायचं, कारण तिकडे दूरवर तेलाचा वायू जळत असायचा. आम्ही मुलं त्याला 'दुसरा सूर्य' म्हणायचो.

आमच्या समोरच्या दारात तेबानोकाका आणि मेरेमावशी राहायचे. मोतुरे नावाच्या देशाचे. हा देश नकाशात सापडेना म्हणून बाबांनी भिंग आणलं, तेव्हा पॅसिफिक महासागराच्या निळ्यात माशी बसल्यासारखा एक ठिपका दिसला. "एवढाच?" मी विचारलं. तेबानोकाका मनापासून हसले. "इतना भी नहीं," म्हणाले. "ठिपका जास्त मोठा काढलाय." त्यांना मोडकंतोडकं हिंदी यायचं, जहाजांवरच्या कोकणी खलाशांकडून शिकलेलं. बंदरात टँकर लागले की त्यांचे जाडजूड दोर लहान लाँचमधून नेऊन धक्क्याला अडकवायचे, हे त्यांचं काम. दारासारखी रुंद छाती, चालताना पाय किंचित फाकलेले, आणि अंगाला नेहमी खोबरेल तेलाचा वास. मेरेमावशी त्यांच्या मानानं अगदी बारीक. तिच्या नावावरून बाबा तिला चिडवायचे, "तुम्हाला हाक मारली की हिंदीत अर्धं वाक्यच राहतं. मेरे... मेरे काय?"

आमचे शुक्रवार त्यांच्याबरोबर जायचे. कधीमधी हुसेनभाईंच्या पिकअपमधून सगळे खैरानच्या किनाऱ्याला. तिथं तेबानोकाका पाण्यात कमरेएवढे उभे राहायचे, काही न बोलता, आणि मग एकदम जाळं फेकायचे. ते हवेत उघडायचं तेव्हा पाकळ्या उघडल्यासारखं वाटायचं. मेरेमावशी वाळूत बसून ओला नारळ खवायची. आई मासे हळद-मीठ लावून तळायची. मावशीचे मासे नारळाच्या दुधात नुसते उकडलेले, मीठसुद्धा बेताचं. पहिल्यांदा ते मला बेचव लागले. नंतर तापातून उठल्यावर मी तेच मागायला लागले.

त्या घरात एक पाळणा होता. वेताचा, रिकामा. त्यात मावशी धुतलेले टॉवेल ठेवायची. मी एकदा आईला विचारलं, त्यांना बाळ का नाही? आईनं आवाज खाली आणून सांगितलं, "झाली होती गं. राहिली नाहीत. आणि हे त्यांच्यापुढं काढायचं नाही. त्यांच्याकडं पुरुषमाणसं या गोष्टी तोंडानं बोलत नाहीत. न राहिलेल्या मुलांचं तर नावच काढत नाहीत."

मग एका वर्षी तेबानोकाका रजेवर मोतुरेला गेले आणि ठरलेल्या दिवशी परतले नाहीत. मावशीला तेव्हा दिवस गेले होते. डॉक्टरांनी तिला विमान, जिना, बादली, सगळ्याला बंदी केली होती. ती आमच्या दिवाणावर पडून असायची आणि नारळ मात्र आडवी होऊनही खवायची. अशाच एका सकाळी हुसेनभाई धापा टाकत वर आले. लिफ्ट बंद होती.

"भाभी, फोन होता. यांच्या मिस्टरांना अध्यक्ष केलंय."

आई पोळ्या लाटत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "कुठल्या मंडळाचे?"

"मंडळाचे कसले? देशाचे! प्रेसिडेंट. सद्र!"

आईच्या हातातलं लाटणं थांबलं. आम्ही सगळे मावशीकडे बघायला लागलो. ती खवणीवर हात तसाच ठेवून काळजीनं म्हणाली, "त्याच्याकडे बूट नाहीत."

हे कसं घडलं ते मला आजही धड माहीत नाही. देशाच्या सभागृहातली त्यांच्या गावची जागा रिकामी झाली, गावानं रजेवर आलेल्या माणसाला उभं केलं. अध्यक्ष सभागृहच निवडायचं, पण तिथे दोन तट, दोन्हीकडे मतं सारखी, आणि कुणाशीच भांडण नसलेला एक तिसरा माणूस हवा होता. जो इतकी वर्षं देशातच नव्हता त्याचं भांडण कोणाशी असणार? बाबा एवढंच म्हणायचे. मला कारणांत रस नव्हता. आमच्या दिवाणावर एका देशाच्या अध्यक्षांची बायको झोपते आणि माझी वेणी घालते, एवढं मला शाळेत मिरवायला पुरे होतं. कोणीही विश्वास ठेवला नाही.

ते महिने मला फार लख्ख आठवतात. दर आठवड्याला फोन यायचा. मावशीला जिना बंद, म्हणून आई निरोप घ्यायला खाली जायची. एक वाक्य बोललं की आपलाच आवाज परत ऐकू यायचा आणि त्याच्यामागून समुद्र वाजल्यासारखा आवाज. आई वर येऊन सगळं सांगायची. अध्यक्ष आज सभागृहात बोलले. सभागृहाला पत्र्याचं छप्पर आहे, पाऊस आला की सगळ्यांना गप्प बसावं लागतं. अध्यक्षांनी शाळेपाशी पावसाच्या पाण्याची मोठी टाकी बांधायला घेतलीय, कारण बेटावर गोड पाणी तेवढंच. अध्यक्षांना बूट चावतात. हे ऐकताना मावशी पोटावर हात ठेवून हसायची. तिला अभिमान वाटायचा. "तिथे तो बोलला की लोक ऐकतात," ती म्हणायची. "इथे जहाजाच्या भोंग्यात त्याचं कोण ऐकतं?"

आठवा महिना लागायच्या आधीच ते झालं. बाहेर वाळूचं वादळ होतं, भरदुपारी दिवे लावावे लागले होते. मावशीनं आईला हाक मारली तशी हाक मी पुन्हा कधी ऐकली नाही. मावशी आमच्याकडे आईचीच साडी नेसायची; आईनं त्या साडीकडे एकदाच पाहिलं आणि मला म्हणाली, "हुसेनभाईंना सांग, गाडी काढा." पिकअपच्या पुढच्या सीटवर मावशी आणि आई. काचेपलीकडे काही दिसत नव्हतं. हुसेनभाई हॉर्नवर हात दाबून, तोंडानं दुवा पुटपुटत गेले.

त्या संध्याकाळी आई इस्पितळातून आली ती वर न येता सरळ दुकानात गेली आणि मोतुरेचा फोन लावायला सांगितला. फोन लागेपर्यंत ती तांदळाच्या पोत्यावर बसून राहिली, युनिफॉर्मवर वाळू, डोळे लाल. मी तिच्याजवळ उभी होते. फोन लागल्यावर तिनं आडवळण घेतलं नाही.

"भाऊ, मी सुशीला. मेरेचं आणि बाळाचं, दोघांचंही अवघड आहे. मी खोटं सांगणार नाही. तुम्हाला या म्हणत नाही, येऊ नका म्हणत नाही. काय आहे ते सांगितलं."

आईनं फोन ठेवला आणि ती पुन्हा इस्पितळात गेली.

ते आले. किती विमानं बदलून आले देव जाणे. कोणाचा तरी उसना कोट, पायात सपाता. तोवर मुलगी जन्मली होती, ओंजळीत मावेल एवढी, काचेच्या पेटीत. मावशी वाचली होती. आई सांगते, ते त्या काचेसमोर उभे राहिले ते खुर्ची आणून दिली तरी बसले नाहीत. आणि ते दोन विमानतळांच्या मध्ये कुठेतरी असताना मोतुरेच्या सभागृहानं मत घेऊन त्यांना पायउतार केलं होतं. निघताना त्यांना लोकांनी बजावलं होतं, आत्ता देश सोडलात तर खुर्ची राहणार नाही. त्यांनी कोणालाच कारण सांगितलं नव्हतं. ती बातमी त्यांना हुसेनभाईंच्या दुकानातल्या फोनवर कळली. त्यांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला, आणि हुसेनभाईंना म्हणाले, "दोन खुबूस द्या. गरम आहेत ना?"

बारसं आमच्या घरी झालं. मुलीचं नाव सुशीला ठेवलं. वेताच्या पाळण्यातले टॉवेल निघाले.

तेबानोकाका पुन्हा लाँचवर जायला लागले. इमारतीतली मुलं त्यांना 'प्रेसिडेंट अंकल' म्हणायची, हुसेनभाई 'सद्रसाहेब'. त्यांनी कधी कोणाला थांबवलं नाही, पण हाक आली की ते उत्तर द्यायला अर्धा क्षण उशीर करायचे. ते कमी बोलायला लागले होते. गॅलरीत उभं राहून दक्षिणेच्या त्या केशरी आभाळाकडे बघत राहायचे. एकदा मी विचारलं, "काका, तुमची ती टाकी झाली?" ते म्हणाले, "भिंती अर्ध्यावर होत्या." बस एवढंच. मग छोट्या सुशीलाला खांद्यावर घेऊन आत गेले.

एका टँकरवर त्यांच्या गावचा खलाशी भेटला होता. त्यानं सांगितलं, तिकडे सगळे म्हणतात, तेबानोला कुवेतच्या दिनारांची चटक लागली होती, देश टाकून पळाला. मावशीनं हे आईला सांगितलं. आई संतापली. "मग त्यांनी खरं काय ते सांगावं ना!"

मावशी म्हणाली, "तो कसा सांगेल? आमच्याकडे सांगत नाहीत."

रजा आली की लोक आपापल्या देशी जायचे. समोरचं घर मात्र दर उन्हाळ्यात उघडंच. छोटी सुशीला आमच्या अंगणात नाही, कारण अंगण नव्हतंच, आमच्या जिन्यात वाढली. मराठी, हिंदी, अरबी आणि त्यांची ती आ-उ-ए अशी वाहणारी भाषा, सगळं एकाच वाक्यात बोलायची.

ती शाळेत जायला लागली त्या वर्षी मोतुरेचे नवे अध्यक्ष सरकारी भेटीवर कुवेतला आले. त्यांचं नाव रुआतू. तेबानोकाकांचे बालमित्र, एका होडीत मासेमारी शिकलेले, आणि त्यांना पाडणाऱ्या तटाचे पुढारीही तेच. त्यांनी निरोप पाठवला, भेटायला यायचंय.

"माझ्या दारात नाही," तेबानोकाका म्हणाले. एवढ्या मोठ्या आवाजात त्यांना बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

आईनं बाबांकडे पाहिलं, मग म्हणाली, "मग आमच्याकडे येऊ देत. जेवायला. पाहुणा माणूस आहे, उपाशी कशाला पाठवायचा?"

त्या दिवशी ऊन कललं तेव्हा इमारतीसमोर काळी लांब गाडी थांबली. बॉनेटवर छोटासा झेंडा. खालच्या मजल्यापासून गच्चीपर्यंत माणसं लटकली होती. हुसेनभाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. रुआतू जाडे, घामेजलेले, दमलेले गृहस्थ होते. गळ्यात शिंपल्यांची माळ, अंगात जाड कोट. आमच्या हॉलमधल्या सतरंजीवर ते ऐसपैस मांडी घालून बसले. आईनं सुरमई तळली होती, मावशीनं नारळाच्या दुधातले मासे केले होते. मावशी वाढत होती, छोटी सुशीला पाहुण्यांच्या माळेकडे टक लावून बघत होती. आणि समोरचं दार बंद होतं. त्याच्यामागे ते होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पाहुण्यांनी दोन घास खाल्ले आणि इंग्रजीत बाबांना म्हणाले, "चांगला माणूस होता. त्यानं आम्हाला सोडून इकडं यायला नको होतं. इथल्या पगारापुढं..."

आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. बाबांनी तिच्याकडे 'नको' असं पाहिलं. तिनं ते पाहिलं नाही. तिचं इंग्रजी इस्पितळातलं, आखूड वाक्यांचं.

"तुम्हाला कोणी सांगितलं नाही. मी सांगते. मी नर्स आहे, मला हे सांगायची लाज नाही. या बाईची आधीची मुलं गेली. एक नाही, सगळी. ही मुलगी पोटात होती तेव्हा हिचं रक्त थांबत नव्हतं. फोन मी केला होता. तुमच्या देशाच्या अध्यक्षांना नाही, हिच्या नवऱ्याला. ते आले ते पगारासाठी नाही. ही बघा, हिच्यासाठी आले."

छोट्या सुशीलाच्या खांद्यावर तिनं हात ठेवला होता. रुआतूंना सगळं कळलं की नाही म्हणून असेल, मावशी वाढता वाढता उभी राहिली आणि तेच सगळं, हळू आवाजात, खाली बघत, आपल्या भाषेत पुन्हा बोलली. मला एक शब्द समजला नाही. पण मध्येच ती एकेक नाव घेतल्यासारखी थांबत थांबत बोलली, तेव्हा आईनं पदर तोंडाला लावला.

रुआतूंनी ताट बाजूला सारलं. मग उठले. हात धुतले, कोट काढून बाबांकडे दिला, बूट-मोजे काढले आणि अनवाणी जिन्यात गेले. समोरच्या दाराशी ते खाली बसले, लहान मूल बसतं तसे, पाय पसरून, दाराला खांदा लावून. दरवाजावर टकटक केली नाही. नुसते बोलायला लागले. मध्येच हसले, मध्येच नाक ओढलं. जिन्यातल्या माणसांनी माना बाहेर काढल्या होत्या.

मी मावशीच्या कानाशी लागून विचारलं, "काय म्हणतायत?"

मावशी रडत होती आणि हसतही होती. "म्हणतोय, मी जाडा झालोय. मला आता एकट्याला उठता येणार नाही. तू बाहेर ये."

दार उघडलं. तेबानोकाका बनियनवर उभे होते. त्यांनी खाली बघितलं, मग दोन्ही हात पुढे केले. टँकरचे दोर ओढणारे ते हात. रुआतूंना त्यांनी एका दमात उभं केलं.

त्यानंतर सगळे जेवले. काळी गाडी, झेंडा, ड्रायव्हर, सगळे खाली ताटकळत राहिले. हुसेनभाईंनी ड्रायव्हरला चहा पाजला. ताटं उचलली गेल्यावर आई स्वयंपाकघरात बाबांना हळूच म्हणाली, "मी जास्त बोलले का हो?" बाबा ताटं विसळत होते. ते म्हणाले, "तू बोललीस ते बरं झालं. मला इंग्रजीत जमलं नसतं."

पुढच्या उन्हाळ्यात समोरच्या दाराला पहिल्यांदा कुलूप लागलं. ते तिघं रजेवर मोतुरेला गेले. परत आल्यावर तेबानोकाकांचा चेहराच मोकळा झाला होता. अजून काही वर्षं ते कुवेतमध्ये होते. मग ऐंशीचं दशक संपायच्या आधी, धुळीच्या एका फिकट सकाळी, आम्ही त्यांना विमानतळावर पोहोचवलं. त्यांना तिथल्या बंदराचं काम मिळालं होतं. होड्यांचं, दोरांचं, त्यांच्या हाताचं. खुर्चीसाठी ते परत कधी उभे राहिले नाहीत. मावशीनं आईच्या साड्यांतली एक मागून घेतली. छोटी सुशीला विमानात बसायला तयारच नव्हती. तिला वाटत होतं, आपण आपला देश सोडून चाललोय. माझ्या लेखी ती खरंच बोलत होती. त्या सकाळनंतर आमचा जिना कधी तसा वाजला नाही, आणि मग आम्हीही निघालो, आणि मग कोणीच तिथलं राहिलं नाही.

आता तेबानोकाका नाहीत, हुसेनभाई नाहीत. मेरेमावशी फार थकलीय. आई मिरजेत असते, ऐंशी उलटून गेलीय, कानाला यंत्र. छोटी सुशीला मात्र तिला फोन करते. आता फोनवर चेहराही दिसतो आणि कुणाचा आवाज परत येत नाही. कुवेतहून परतल्यावर मी आईकडे होते, तेव्हा असाच तिचा फोन आला. मोतुरेच्या सभागृहाच्या निवडणुकीला ती उभी राहिली होती. आणि पडली होती.

"पण काकू," ती तिच्या त्या चार भाषांच्या मराठीत म्हणाली, "मी बाबांपेक्षा बरी. मला निदान मी तिथे हजर असताना पाडलं."

आम्ही दोघी हसलो. आई हसली नाही. तिनं फोन जवळ घेतला, चष्म्यातून तिच्याकडे नीट पाहिलं आणि वॉर्डातल्या त्या जुन्या आवाजात म्हणाली, "पुढच्या वेळी पुन्हा उभी राहा. आणि घरात कोणाचं बाळंतपण निघालं तर मला बोलाव. मी येते. तू तुझी जागा सोडायची नाहीस."